सक्तीची फौज: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

‘प्रत्येक तरुणाला लष्करी सेवा सक्तीची करावी का?’ असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रांचा ढीग आला. पुण्यात ‘सक्ती’ हा शब्द नुसता उच्चारला तरी लोक कागद-पेन घेऊन बसतात, हे हेल्मेटच्या वेळी दिसलंच होतं. काही पत्रांत प्रश्न होते, काहींत फक्त राग. रागाला उत्तर नसतं, म्हणून प्रश्न तेवढे निवडले आहेत. नावं छापू नयेत असं बऱ्याच जणांनी कळवलं, तेव्हा सगळ्यांचीच गाळली.

‘एक वर्ष बराकीत घाला, पोरं सरळ होतील’

*मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. मुलांना ना वेळेचं भान, ना कष्टांची सवय. दहावी-बारावीनंतर एक वर्ष फौजेत सक्तीनं पाठवलं तर शिस्त लागेल आणि देशालाही मनुष्यबळ मिळेल. यात अडचण काय आहे?*
— सदाशिव पेठ

सर, आधी आकडेमोड करू. भारतात दरवर्षी साधारण सव्वा कोटी मुलगे अठरा वर्षांचे होतात. मेडिकलमध्ये गळतील ते सोडून एक कोटी धरू. आपलं सगळं भूदल मिळून बारा लाखांच्या आसपास आहे. म्हणजे बारा लाखांच्या घरी एक कोटी पाहुणे येणार, आणि ते निघेपर्यंत पुढचे एक कोटी दारात उभे.

या मुलांना शिकवणार कोण? रंगरुटांच्या तीस जणांच्या तुकडीला निदान तीन उस्ताद लागतात: एक कवायत आणि पीटीचा, एक हत्याराचा, एक फील्डक्राफ्टचा (मैदानात लपणं, सरकणं, आडोसा घेणं). एक कोटीला तीसनं भागा, तीननं गुणा. दहा लाख उस्ताद झाले. सीमेवर उभं राहायला मग उरलं कोण?

आता पैसे. महिना दहा हजार हातखर्च दिला तर वर्षाचे एक लाख वीस हजार कोटी होतात. जेवणाला रोजचे दीडशे रुपये धरले तर आणखी जवळपास पंचावन्न हजार कोटी. गणवेश, बूट, बराकी, दवाखाना, गोळ्या, प्रवास यांतलं अजून काहीच मोजलेलं नाही. २०२५-२६ चं संरक्षणाचं सगळं अंदाजपत्रक ६.८१ लाख कोटींचं होतं आणि त्यातले १.६० लाख कोटी निवृत्तिवेतनालाच गेले. विमानं, तोफा, पाणबुड्या यांचे पैसे कापून पोरांना सरळ करायचं का, असा हा सौदा आहे.

पण समजा पैसे मिळाले. एका वर्षात सैनिक तयार होतो का? अग्निवीराचं भूदलातलं मूळ प्रशिक्षणच ३१ आठवड्यांचं असतं, म्हणजे सात महिने त्यातच गेले. त्यानंतर तो पलटणीत येतो आणि खरं शिकणं तिथं सुरू होतं. वर्षभरासाठी आलेला मुलगा जेमतेम उपयोगाचा होतो, तोवर त्याची घरी जायची वेळ होते.

एक छोटीशी गोष्ट जवळून पाहू. रायफल साफ करण्यापूर्वी ती रिकामी आहे याची खात्री करायची असते. क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, आधी मॅगझिन (गोळ्यांचा डबा) काढायचं, मग कॉकिंग हँडल मागं ओढायचं, मग चेंबरमध्ये (नळीच्या मागं गोळी बसते तिथं) डोळ्यांनी पाहायचं. दमलेला, झोप अपुरी झालेला मुलगा काय करतो? मॅगझिन तसंच ठेवून हँडल ओढतो. चेंबरमधली गोळी बाहेर पडते, त्याला वाटतं हत्यार रिकामं झालं, पण मॅगझिनमधली पुढची गोळी त्याच क्षणी आत गेलेली असते. मग तो ‘खात्री’ म्हणून ट्रिगर दाबतो. हा क्रम हातात बसायला शेकडो वेळा तेच करावं लागतं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी डोक्याशी उभा असावा लागतो. म्हणून तीसला तीन उस्ताद. साठला एक उस्ताद दिला तर काय होईल ते सांगायला नको.

पायांचंही तसंच आहे. जन्मात न धावलेल्या मुलाला पहिल्याच महिन्यात बूट घालून रोज धावायला लावलं की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. स्नायू लवकर तयार होतात, हाडाला जास्त वेळ लागतो. मुलगा दुखणं लपवतो, कारण ‘बहाणा करतो’ असं ऐकून घ्यायचं नसतं. मग सहा-आठ आठवडे विश्रांती. वर्षभराच्या सेवेतले दोन महिने असे खाटेवर गेले तर उरलं काय?

आणि शिस्तीचं म्हणाल तर, सर, फौजेतली शिस्त नुसत्या रगड्यानं येत नाही. याच माणसांबरोबर पुढची पंधरा वर्षं काढायची आहेत, याच पलटणीचं नाव लावायचं आहे, हे मनात असतं म्हणून ती टिकते. दिवस मोजत बसलेल्या मुलाला हे कुठून येणार? रशियात सक्तीनं आलेल्या नव्या मुलांचा जुने सैनिक इतका छळ करत की त्या प्रकाराला स्वतंत्र नाव पडलं. २००८ पर्यंत तिथली मुदत टप्प्याटप्प्यानं दोन वर्षांवरून एकावर आणली, त्यामागचं एक कारण हेही होतं. मुलं वेळेवर यावीत यासाठी शाळा आहे. ते काम तोफखान्याला देऊ नये, असं आमचं मत.

वादविवाद स्पर्धेसाठी

*मी अकरावीत आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला सक्तीच्या बाजूनं बोलायचं आहे. ‘इस्रायल करतो, मग आपण का नाही’ हा मुद्दा चालेल का? आणखी कुठले?*
— फर्ग्युसन रस्ता परिसर

इस्रायलचा मुद्दा सोडून दे. समोरचा लगेच म्हणेल की तो एक कोटी लोकवस्तीचा देश आहे, आणि तू अडकशील. शिवाय तिथंही सगळे जात नाहीत. बहुतेक अरब नागरिकांना सक्ती नाही. कट्टर धार्मिक ज्यूंच्या पाठशाळांतले विद्यार्थी अनेक दशकं सुटत आले आणि त्यांनाही बोलवा असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये दिला. त्यावरून सरकारं डळमळतात. सक्तीमुळे समाज एक होतो याचा दाखला म्हणून हे उदाहरण उलटंच पडेल.

त्यापेक्षा फिनलंड घे. लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड मिळून असते त्याहून कमीच. शांततेच्या काळात खडी फौज छोटी, पण युद्धात २ लाख ८० हजार माणूस उभं करण्याची तयारी. प्रत्येक मुलगा १६५, २५५ किंवा ३४७ दिवस सेवा करतो. सर्वांत कमी दिवस साध्या सैनिकाला, सर्वांत जास्त राखीव दलातल्या अधिकाऱ्याला आणि अवघड कामांना. सेवा संपली की तो राखीव दलात जातो, अधूनमधून उजळणीला येतो. तिथल्या सक्तीचा हेतू राखीव फौज हा आहे. मोठा शेजारी, छोटी लोकसंख्या, लांब सीमा या तीन गोष्टी एकत्र आल्या की सक्तीला पर्याय फारसा राहत नाही. हा तुझा सर्वांत भक्कम मुद्दा. मात्र तो भारताला लागू कसा करायचा याचं उत्तर तयार ठेव, कारण आपल्याकडे लोकसंख्या छोटी नाही.

दुसरा मुद्दा वाटणीचा. ऐच्छिक फौजेत कोण जातं? ज्याच्या गावात विहीर आटली तो जातो. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरटी फौजी सापडतो, आणि कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत सात मजल्यांवर एकही नसतो. लढाई करायची की नाही हे ठरवणाऱ्यांच्या घरातलं कुणी सीमेवर नसेल तर निर्णय सोपा होतो. सक्ती असेल तर मंत्र्याचा मुलगाही त्याच रांगेत उभा राहतो. हा युक्तिवाद आम्हाला प्रामाणिकपणे वजनदार वाटतो. त्याला थट्टेवारी नेऊ नये.

प्रतिपक्ष इथं म्हणेल: मंत्र्याचा मुलगा रांगेत उभा राहतच नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ च्या कायद्यानुसार तीनशे डॉलर भरले की सुटका होती. त्यावरून त्याच जुलैत न्यूयॉर्कमध्ये मोठी दंगल उसळली. व्हिएतनाम युद्धात कॉलेजात नाव असलं की बोलावणं पुढं ढकललं जाई, म्हणजे फी भरू शकणारा वाचला. तुर्कस्तानात आजही ठरावीक रक्कम भरून सेवा महिनाभराच्या प्रशिक्षणावर आणता येते. स्वित्झर्लंड निदान लपवत नाही: जो सेवा करत नाही त्यानं करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के सूट-कर भरायचा. यावर तुझं उत्तर असं असावं की दोष सवलतींचा आहे, तत्त्वाचा नाही. सवलती मोजक्या ठेवा.

मग प्रतिपक्ष अर्थशास्त्र काढेल. सक्ती हा पैशांऐवजी आयुष्यातून वसूल केलेला कर आहे. बाजारात पंचवीस हजार मिळवू शकणाऱ्या मुलाला दहा हजारांवर राबवलं तर मधले पंधरा हजार कुणीतरी भरतंच, फक्त ते अंदाजपत्रकात दिसत नाहीत. अमेरिकेत १९७० साली गेट्स आयोगानं हाच हिशेब मांडून ऐच्छिक फौजेची शिफारस केली आणि १९७३ मध्ये तिथली सक्तीची भरती थांबली. याला तुझ्या बाजूनं पूर्ण उत्तर नाही. खोटं उत्तर देण्यापेक्षा मान्य कर आणि वाटणीच्या मुद्द्यावर परत ये. परीक्षक अशा वेळी गुण कापत नाहीत.

एक मुद्दा मात्र टाळ: ‘अठरा महिनेच तर द्यायचे आहेत.’ एरिट्रियानं १९९५ मध्ये अठराच महिने म्हटले होते. १९९८ मध्ये इथिओपियाशी युद्ध पेटलं आणि त्यानंतर ती सेवा बेमुदत झाली. माणसं चाळिशी ओलांडेपर्यंत त्यात अडकली.

चिठ्ठ्या टाकल्या तर?

*सगळ्यांना घेणं परवडत नसेल तर सोडत काढावी. म्हाडाची निघते तशी. त्यात तर कुणावर अन्याय नाही ना?*
— हडपसर

थायलंडमध्ये असंच चालतं. दर एप्रिलमध्ये एकवीस वर्षांच्या मुलांना तालुक्याच्या ठिकाणी बोलावतात. प्रत्येकानं भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची. लाल निघाली तर दोन वर्षं फौज, काळी निघाली तर सुटला. काळी निघालेले उड्या मारतात, लाल निघालेले काही जण तिथंच भोवळ येऊन पडतात. जे आधीच स्वेच्छेनं नाव देतात त्यांची मुदत कमी होते. जिथं पुरेसे स्वयंसेवक मिळतात तिथं चिठ्ठ्या काढाव्याच लागत नाहीत.

सोडत न्याय्य असते, पण ती नीट काढली तर. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ च्या रात्री व्हिएतनामसाठी अशी सोडत निघाली. वर्षाच्या ३६६ तारखा, प्रत्येक तारखेची चिठ्ठी एका निळ्या प्लास्टिकच्या कुपीत. ज्या क्रमानं कुप्या निघतील त्या क्रमानं त्या तारखेला जन्मलेल्यांना बोलावणं. पहिली निघाली १४ सप्टेंबर. गडबड काढण्यात नव्हती, भरण्यात होती. कुप्या महिन्यांच्या क्रमानं पेटीत पडल्या: जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी. पेटी थोडी हलवली आणि काचेच्या मोठ्या भांड्यात ओतली. जेमतेम हलवल्यानं थर मोडले नाहीत आणि वर्षाअखेरच्या कुप्या हाताशी राहिल्या. शेवटी १९५ व्या क्रमांकापर्यंत बोलावणी गेली. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त पाच त्यातून वाचल्या. सारखं वाटप झालं असतं तर चौदाच्या आसपास वाचायला हव्या होत्या. म्हणजे नुसता डिसेंबरात जन्मला म्हणून मुलगा व्हिएतनामच्या वाटेला लागण्याची शक्यता वाढली. पुढच्या वर्षी त्यांनी पद्धत बदलली. दोन पिंप घेतले, एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक, आणि भरतानाही आधी ठरवलेला यादृच्छिक क्रम वापरला.

घरी तांदळात हळद कालवून पाहा. वरून टाकलेली हळद चार वेळा डबा हलवला तरी सगळीकडे सारखी पसरत नाही.

सरकार सक्ती करू शकतं का?

*वेठबिगारीला आपल्या संविधानात बंदी आहे. मग सक्तीची लष्करी सेवा घटनाबाह्य ठरणार नाही का?*
— वकील, शिवाजीनगर

नाही ठरणार. ज्या अनुच्छेद २३ नं वेठबिगार बंद केली, त्याच्याच दुसऱ्या खंडात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला मोकळीक ठेवली आहे. अट एक: केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करायचा नाही. या यादीत ‘लिंग’ नाही हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही. अनुच्छेद ५१क मध्ये, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलेल्या मूलभूत कर्तव्यांत, बोलावणं आल्यास देशाचं संरक्षण आणि राष्ट्रसेवा हे कर्तव्य आहेच. पण तेवढ्यावरून कुणाला घरातून उचलता येत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागेल आणि तसा कायदा आज नाही.

भारतात कायद्यानं लष्करी सक्ती झाली ती कुणावर, हे वाचून गंमत वाटेल: गोऱ्यांवर. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्यानं भारतात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर सेवा बंधनकारक केली, हिंदी माणसाला ती ऐच्छिक ठेवली. १९४० मध्ये पुन्हा युरोपीयांसाठी तसाच कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धातली सुमारे २५ लाखांची हिंदी फौज कागदोपत्री संपूर्ण ऐच्छिक होती. कागदोपत्री म्हणतो, कारण पहिल्या महायुद्धात पंजाबात गावागावांवर माणसं देण्याचा दबाव आला होता आणि रिकाम्या पोटाला तर कायद्याची गरजच नसते.

स्वातंत्र्यानंतर सक्तीच्या सर्वांत जवळ आपण पोहोचलो ते १९६३ मध्ये. चीनच्या युद्धानंतर कॉलेजात एनसीसी बंधनकारक झाली. पाच वर्षांतच, १९६८ मध्ये, ती पुन्हा ऐच्छिक झाली. एवढ्या मुलांना पुरतील इतके अधिकारी, रायफली आणि गणवेश कुठून आणायचे हा प्रश्न तेव्हाही होताच. २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं सुचवलं की राजपत्रित सरकारी नोकरी हवी असणाऱ्यांना आधी पाच वर्षं लष्करी सेवा असावी. अधिकाऱ्यांची टंचाई भरून काढण्याचा तो विचार होता. अमलात आला नाही.

अग्निपथ ही मागच्या दारानं सक्ती आहे का?

*गावात चर्चा आहे की चार वर्षांची सक्ती येणार म्हणूनच अग्निवीर काढले. मी भरतीची तयारी करतोय. दोन वेळा रनिंगला बाद झालो. काय चुकतंय?*
— राजगुरुनगर

सक्ती नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेली ही योजना ऐच्छिक आहे. अर्ज करणारा प्रत्येक जण स्वतःहून करतो. चार वर्षं सेवा, त्यातून २५ टक्क्यांपर्यंत लोक कायम, बाकीचे घरी. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरले, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवानिधीत. चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,००० हातात. चार वर्षांत तुमचे साधारण ५.०२ लाख जमा होतात, तितकेच सरकार घालतं आणि व्याज धरून ११.७१ लाखांच्या आसपास करमुक्त रक्कम मिळते. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन नाही. घरच्यांना हा हिशेब आधीच दाखवा. पंचविशीच्या आत परत यावं लागलं तर पुढं काय, हे निघण्यापूर्वी ठरलेलं बरं.

आता रनिंग. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान. मैदानात १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढलं तर पूर्ण ६० गुण. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे फेरीला ८२ सेकंद. बाद होणाऱ्यांतले बहुतेक पहिली फेरी सत्तरच्या आत काढतात, कारण सगळा घोळका सुटलेला असतो. तिसऱ्या फेरीत मांड्या भरून येतात आणि तिथं दहा-पंधरा सेकंद जातात. घड्याळ लावून पहिली फेरी मुद्दाम ८२ ते ८४ मध्ये काढायची सवय करा, पुढं कितीही जण गेले तरी.

रोज १६०० मीटर जीव तोडून धावू नका. आठवड्यातून दोन दिवस चारशेच्या सहा फेऱ्या ८० सेकंदांनी काढा आणि मध्ये दीड-दोन मिनिटं चालत दम घ्या. दोन-तीन दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, बोलता येईल इतक्या वेगानं. एक दिवस पूर्ण विश्रांती. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी. नडगीच्या आतल्या बाजूला एका बिंदूवर दाबलं की कळ येत असेल तर धावणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा. लंगडत केलेला सराव कामाचा नाही. पुलअप्स दहा झाले की ४० गुण. तिथं झोका घेऊन मारलेला पुलअप धरत नाहीत, हनुवटी बारच्या वर हवी आणि खाली आल्यावर हात सरळ. मोजमापं आणि वेळा वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचा. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. वेळ यंत्रावर लागते आणि परीक्षा संगणकावर होते, तो काय सेटिंग करणार?

सिंगापूरचा पीआर आणि मुलाची भरती

*मुलगा-सून सिंगापूरला आहेत, पर्मनंट रेसिडेंट आहेत. नातू चौदा वर्षांचा. त्याला तिथल्या फौजेत जावं लागेल असं सून म्हणते. तो तर भारतीय नागरिक आहे!*
— एक आजी, औंध

आजी, सूनबाई बरोबर सांगतायत. सिंगापूरची सक्ती १९६७ पासून आहे आणि ती नागरिकत्वावर थांबत नाही. नोकरीच्या जोरावर स्वतः पीआर झालेले तुमचे चिरंजीव सुटले. आई-वडिलांच्या पाठबळावर पीआर झालेला मुलगा ‘दुसरी पिढी’ धरला जातो आणि त्याला दोन वर्षं पूर्णवेळ सेवा लागू आहे. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी, मग मेडिकल, अठराच्या सुमारास भरती. तिथल्या ए-लेव्हल किंवा पॉलिटेक्निकसाठी मुदत मिळते, विद्यापीठासाठी मिळत नाही. दोन वर्षांनंतरही राखीव सेवा राहते, वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत, साधारण चाळिशीपर्यंत.

चूक होते ती अशी: मुलाला तेराव्या-चौदाव्या वर्षी पुण्यात शिकायला पाठवतात आणि प्रकरण विसरतात. तेराव्या वर्षानंतर दीर्घकाळ बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट लागतं आणि बाँडही द्यावा लागू शकतो. न सांगता राहिलं तर गुन्हा: दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद. सेवा न करता पीआर सोडता येतो, पण पुढं त्या मुलानं तिथं शिकायला किंवा नोकरीला अर्ज केला तर ते त्याच्या विरोधात धरलं जातं, आई-वडिलांच्या अर्जांवरही परिणाम होऊ शकतो. नातू चौदाचा आहे. ठरवायला दोन-अडीच वर्षं आहेत. त्यालाही विचारा.

अमेरिकेबद्दल बाणेरहून अशीच विचारणा आली आहे. तिथं १९७३ पासून भरती नाही, पण नोंदणी आहे. ग्रीन कार्ड असलेला मुलगाही १८ ते २५ वयात त्या नोंदणीत यावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला लागू नाही. नोंद व्हायची राहून गेली तर नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती बाब निघते.

हत्यार हाती घ्यायचं नसेल तर

*आमचं घर सर्वोदयी. समजा सक्ती आली, तर नकार देणाऱ्याचं काय?*
— कर्वेनगर

कायदा कसा लिहितात त्यावर आहे. ब्रिटननं १९१६ मध्ये सक्ती आणली तेव्हाच सद्सद्विवेकानं नकार देण्याची तरतूद ठेवली, पण स्थानिक न्यायमंडळापुढं जाऊन तुमचा विवेक खरा असल्याचं पटवावं लागे, आणि कित्येक जण तुरुंगात गेले. आता बहुतेक देश पर्यायी सेवा देतात, फक्त ती लांब ठेवतात, म्हणजे कुणी आळसानं ती निवडू नये. स्वित्झर्लंडमध्ये दीडपट. फिनलंडमध्ये ३४७ दिवस. दक्षिण कोरियात लष्करात भूदलाचे अठरा महिने, नकार देणाऱ्याला छत्तीस, तेही तुरुंगात राहून तिथल्या स्वयंपाकघरात वगैरे काम. तिथं संविधान न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये लागला, २०२० मध्ये पर्याय सुरू झाला. त्याआधी नकार म्हणजे सरळ कैद होती.

जर्मनीत गंमत झाली. तिथले नकार देणारे इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत काम करत. २०११ मध्ये सक्ती स्थगित झाली तेव्हा फौजेपेक्षा वृद्धाश्रमांनाच जास्त चिंता पडली, आणि त्यांच्यासाठी घाईनं स्वयंसेवेची नवी योजना काढावी लागली. आपल्याकडे कुणी सक्तीचा मसुदा लिहिलाच तर हे कलम पहिल्याच वाचनात तपासा.

शिवकाळात घरटी माणूस सक्तीचा होता का? (भोर)

नाही. सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार, दोघंही मोबदल्यावर होते. नव्या माणसाला जुन्या माणसाचा जामीन लागे. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला कूच.

मुलींना का नाही? (एसपी कॉलेज परिसर)

नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मुलींनाही आहे, डेन्मार्कमध्ये जुलै २०२५ पासून आली. नॉर्वे-स्वीडनमध्ये सगळ्यांची छाननी करून पिढीतला थोडासाच हिस्सा घेतात. त्यामुळे व्यवहारात ‘निवडलो गेलो’ याचीच प्रतिष्ठा होते आणि सक्तीचा काच कमी जाणवतो. इस्रायलमध्ये मुलींना दोन वर्षं. भारतात सक्तीच नाही, तेव्हा प्रश्न प्रवेशाचा होता: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर खडकवासल्याच्या एनडीएत मुली आल्या आणि पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या.

नोकरी सांभाळून काही करता येईल का?

*सक्ती नको, पण मला स्वतःला काहीतरी करायचं आहे. वय ३१, आयटीत आहे.*
— हिंजवडी

टेरिटोरियल आर्मी पाहा. १९४८ च्या कायद्यानं उभी राहिलेली ही फौज तुमच्यासारख्यांसाठीच आहे. अधिकारी म्हणून अर्जाला वय १८ ते ४२, पदवी आणि स्वतःचं उत्पन्न असणं आवश्यक. उत्पन्नाची अट मुद्दाम आहे: ही पोटापाण्याची नोकरी धरून चालू नये. लेखी परीक्षा, मुलाखत, मग एसएसबी (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या चाचण्या) आणि मेडिकल असा क्रम असतो. लेखी निघते, एसएसबीत गळती मोठी असते. निवड झाली की वर्षातले साधारण दोन महिने प्रशिक्षणाला द्यायचे, आणि सरकारनं बोलावलं तर त्याहून जास्त काळ, सीमेवरही.

लोक अडकतात ते रजेवर. अर्ज करण्याआधीच कंपनीच्या एचआरशी लेखी बोला: दोन महिने बिनपगारी की भरपगारी, बढतीची ज्येष्ठता राहील का, बोलावणं लांबलं तर जागा राखून ठेवणार का. मालकाचं ना-हरकत पत्र लागतं आणि ते मिळायला कधीकधी लेखी परीक्षेच्या अभ्यासापेक्षा जास्त वेळ जातो. तेव्हा आधी ते पत्र, मग पुस्तकं.

धाकटी भावंडं कॉलेजात असतील तर त्यांना एनसीसीचं सांगा. तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्र, त्यात निदान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असले की अधिकारी भरतीची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बसता येतं. नाव पहिल्याच वर्षी, प्रवेशाच्या पहिल्या काही आठवड्यांत द्यावं लागतं. जागा मोजक्या असतात आणि उशिरा आलेल्याला पुढच्या वर्षी या म्हणतात, तोवर तीन वर्षांचं गणित चुकलेलं असतं.